रापण ओढलेला हातमोजा

“सर, हा मोजा मुलींच्या हातात बसतो का?”

मित्रांनो, माझं खरं आयुष्य या प्रश्नापासून सुरू झालं! जामसंड्याच्या शाळेतल्या जान्हवीने तो विचारला, कारण तिची मैत्रीण वर्षाली मागून कोपराने ढोसत होती, “विचार गो! विचारलंस तर जत्रेतलां माझां सगळां खाजां तुका!”

मी एक जुना हातमोजा आहे; पण थंडीचा नव्हे हं! २००३ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. माझ्या पाचही बोटांत बारीक तारा शिवल्या आहेत. मला घालून तुम्ही मूठ वळलीत, की संगणकाच्या पडद्यावरच्या खोट्या जगात दुसरा एक हात मूठ वळतो. तो हात काय उचलतो, काय सोडतो, कधी कंटाळतो, सगळ्याची नोंद मी ठेवतो. सुरुवातीला काय कौतुक व्हायचं माझं! पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. मग बिनतारी मोजे आले आणि मी कपाटात गेलो. चार वर्षं! बोटं आखडून गेली माझी.

२००९ च्या डिसेंबरात आमच्या प्रयोगशाळेतले, मूळचे देवगडचे निकेत सर मला या शाळेत घेऊन आले. पडद्यावर समुद्र होता, लाटा होत्या, आणि पाण्यातलं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढायचं होतं. बढाईखोर सुदेशने एकच हिसका दिला. दोरी निसटली! सगळ्या मुलांचं तेच झालं. मुली मागच्या बाकांवरून नुसत्या बघत होत्या. तेव्हा तो प्रश्न आला.

सर हसले. “हात कोणाचा, ते याला कळत नाही. हात काय करतो, तेवढंच कळतं.”

जान्हवी तळवे लपवत पुढे आली. त्यांवर दोरीचे घट्टे होते. तिचे वडील गंगाराम रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. सुट्टीत जान्हवीही दोरीला असायची. ‘दहावी झाली काय पुरे,’ असं घरी ठरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

ती ओढू लागली. लाट किनाऱ्याकडे आली की ओढायचं, परतताना नुसतं धरून ठेवायचं. जाळं सरकलं! आणि मग तिने रापणीवर सगळे करतात तेच केलं. ओढता ओढता मागे मागे चालू लागली. एक पाऊल, दोन, पाच... माझी वायर ताणली, अंगठ्याची शिवण उसवली आणि खटकन पिन सुटली. पडद्यावरचा हात हवेतच थिजला.

“अगो, खंय चललंस? पार रेडीच्या बंदराक?” सुदेश ओरडला. वर्ग खिदळला. जान्हवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण माझी नोंद शाबूत होती! सरांनी ती उघडली. बाकीच्यांच्या ओढीच्या रेघा एकदाच उसळून आडव्या झालेल्या. हिची रेघ चढत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती.

“हा खेळ आम्ही केला, पण आमच्यातल्या कोणी कधी जाळं ओढलेलं नाही,” ते म्हणाले. “मागे चालायचं असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शिकवशील आम्हाला?”

मित्रांनो, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण टाळीला दोन हात लागतात, मी तर एकटा!

सरांनी मला तिच्याकडेच ठेवलं. संध्याकाळी तिने वडिलांची जाळं विणायची सुई घेतली आणि माझा अंगठा जाळ्याच्या गाठीने पक्का शिवला. आता म्हणा त्या बिनतारी मोज्यांना, आहे का असा अंगठा तुमच्याकडे? म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला कपाटात ढकलण्याआधी तिची उसवलेली शिवण तरी बघा. कधीकधी एवढी एक गाठच हवी असते!

मासे साफ करता करता तिची आई सुगंधा म्हणाली, “ह्यो एकलोच? दुसरो खंय गो?”

गंगारामनेही मान वर केली. जान्हवी ताठ उभी राहिली. या वेळी कोणी पैज लावलेली नव्हती.

“आये, बाबा, दहावी झाली काय मी मालवणाक तंत्रनिकेतनात शिकूक जातलंय. दुसरो मोजो मीच करतलंय!”