वेग माझा, बोलणी तिला

मी रायफलची नळी बोलतेय. झोप उडाली होती माझी. पोलादाला कसली आलीय झोप, असं तुम्ही म्हणाल. पण गेले कित्येक दिवस कपाटात पडल्या पडल्या एकच विचार मला खात होता: गोळी वर जाते ती माझ्यामुळे, आणि बोलणी खाते एक चार वर्षांची पोर.

माझा जन्म लेथवर झाला. पोलादाच्या कांबीला आरपार भोक, त्यात पिळाच्या खाचा. बाहेरून मी आरशासारखी. आतून मात्र खरखरीत, हत्यारांचे बारीक ओरखडे अजून ताजे. नव्या नळीचं असंच असतं. गोळ्या जातील तसे ओरखडे झिजतात, वाट गुळगुळीत होते आणि गोळी आधीपेक्षा जोरात सुटू लागते, म्हणून वाटेत कमी खाली येते आणि नेमाच्या वर लागते. शे-दोनशे गोळ्यांनंतर कुठे वेग स्थिरावतो. हे मला कळत होतं, पण सांगणार कशी? मला तोंड आहे, पण त्यातून एकच गोष्ट बाहेर पडते.

माझी मालकीण नेमबाज. येती निवड चाचणी म्हणजे बाळंतपणानंतर संघात परतायची तिची शेवटची संधी. मला रायफलवर बसवलं त्याच दिवशी तिनं यंत्रावर माझ्यातून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजला, खूश झाली आणि यंत्र कपाटात टाकलं. त्याच आकड्यावर नेम बसवला. पुढच्या सरावाला गोळी वर. तिनं नेम खाली घेतला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा वर.

"हात गेला माझा, सर."

"हात नाही, लक्ष गेलंय," प्रशिक्षक म्हणाले. "अर्धा डोळा काचेमागे असतो तुझा."

काचेमागे लेक बसायची, कानांवर आवाज अडवणारी मोठी टोपणं चढवून, पाय हलवत. मालकीण तिच्यावर कडाडली, "तुझ्या चुळबुळीनं नेम जातो माझा! बाहेर जाऊन बस."

पोर बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. गोळी तरीही वरच. वितळून जावंसं वाटलं मला.

आज एका मैत्रिणीनं ते यंत्र मागितलं. द्यायच्या आधी चालतंय का बघावं, म्हणून मालकिणीनं माझ्यातून गोळ्या झाडल्या. आकडा पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा.

"बिघडलंय वाटतं गं."

मैत्रिणीनं स्वतःची जुनी रायफल चालवून पाहिली. तिचा वेग नेहमीचाच.

"यंत्र ठणठणीत आहे, बाई. तुझी नळी पळतेय! नव्या नळीचा वेग एकदाच मोजून कुणी गप्प बसतं का?"

मला वाटलं, मालकीण हसेल. ती हसली नाही. उद्या निवड चाचणी. आणि मी आता स्थिरावले, की माझा वेग अजून चढणार, हे माझं मलाही सांगता येत नाही. तिनं मला पेटीत ठेवलं, पेटी उचलली आणि ती बाहेर बाकापाशी जाऊन बसली.

"चूक तुझी नव्हती गं, पिल्ला. या नळीमुळे गोळी वर जात होती."

पोरीनं पेटीकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "मग आता तिला बाहेर बसवणार?"