मापाच्या वहीतलं ते पान

एका घरात दोन माणसांनी अबोला धरला की तिसऱ्याचे काय हाल होतात, ते आपण सगळेच जाणतो. निरोप इकडून तिकडे पोचवायचे आणि वर "तू नक्की कुणाच्या बाजूची?" हेही ऐकून घ्यायचं. इथे तर अबोला त्रेचाळीस माणसांचा होता आणि मधलं माणूस एकच. कपडे शिवणाऱ्या वहिनी.

निवडणुका स्वच्छ व्हाव्यात म्हणून झटणाऱ्या त्यांच्या मंचात दोन तट पडले होते. यादीवाले म्हणत, आधी मतदार याद्या दुरुस्त करा; मेलेली माणसं मतं देऊन जातात आणि जिवंत माणसं नाव नाही म्हणून हात हलवत परत येतात. मोजणीवाले म्हणत, आधी मतमोजणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करा. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं! शनिवारी सुधारणा आयोगापुढे मंचाला दहा मिनिटं मिळणार होती आणि मागणी एकच मांडायची होती. तेव्हा रविवारच्या सभेत हात वर करून मत घ्यायचं ठरलं. मोजायला कोण? तर वहिनी. त्या कुठल्याच तटात नव्हत्या.

वहिनींनी खुर्चीवर उभं राहून मापाच्या वहीत रेघा ओढल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. आकडा सांगायला तोंड उघडलं, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "हे सगळं आधीच ठरलेलं आहे!" मग ढकलाढकली झाली, खुर्ची डगमगली, सभा उधळली.

"वहिनी, आकडा?"

"नंतर सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि वही छातीशी धरून घरी आल्या.

त्या "नंतर"ला पाच दिवस झाले. दोन्ही तटांनी आपणच जिंकलो असं गावभर सांगून टाकलं होतं.

यादीवाल्यांचे पुढारी मास्तर. वहिनींना तिशीत अक्षरओळख त्यांनीच करून दिली. ते वहिनींच्या शिवणाच्या दुकानात आले, सदऱ्याचं तुटकं बटण पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "माझी विद्यार्थिनी चुकीचं काही लिहिणार नाही, खात्री आहे मला." मोजणीवाल्यांचे पुढारी वहिनींचे सख्खे दीर, वायरमन. शिलाई मशीनवरचा दिवा त्यांनीच बसवलेला. दिव्याकडे बघत ते म्हणाले, "वहिनी, घरचं माणूस आहात तुम्ही. विसरू नका."

गुरुवारी दुकानाच्या दाराखालून चिठ्ठी सरकली. "बरोबर आकडा सांगा. दुकान इथंच आहे आणि आम्हीही इथंच आहोत." खाली नाव नव्हतं. ती दोन्हीकडच्या कुणालाही शोभली असती, भीती त्याचीच होती. परका असता तर दार लावून घेता आलं असतं. आपल्याच माणसांपासून दार कुठं लावायचं? दारात सावली पडली की वहिनींचा पाय मशीनवर थांबे. एकदा तर सुई बोटातच गेली.

आकडा ऐकायला शुक्रवारी पाच वाजता पुन्हा सभा बोलावली होती. त्या दुपारी त्यांनी वही उघडली आणि पानाला कात्री लावली.

"कापड आहे का ते?" मागून आवाज आला. सासूबाई काजं करत बसल्या होत्या.

"आई, पानच नसलं तर कुणी विचारणार नाही. मी मधली. मला कशाला दोन्हीकडचा राग?"

"काल तो गृहस्थ आला होता ना, कंबर छत्तीस म्हणत होता. तू काय लिहिलंस?"

"बेचाळीस. टेपवर आलं तेच."

"चिडला असेल."

"लालबुंद झाला! पण छत्तीस लिहून पँट चढली असती का?"

"टेप कुणाच्या बाजूची नसते गं. पण म्हणून ती गप्प बसत नाही. तू पाच दिवस गप्प बसलीस, म्हणून तर दोघांना हवं ते सांगत फिरता आलं."

वहिनींचे डोळे भरले. "आई, एका बाजूला तुमचा मुलगा आहे. आकडा ऐकलात तर..."

"मला सांगू नकोस!" सासूबाईंनी चक्क कानांवर हात ठेवले. "मी त्याची आई आहे, मला मोह होईल. सगळ्यांना एकदमच सांग. आणि मी भीत नाही असं समजू नकोस. ती चिठ्ठी मीही वाचली आहे."

कात्री खाली ठेवली गेली.

सभागृहात खुर्च्यांचे दोन गट होते, मधे मोकळी वाट. वहिनी त्या वाटेत उभ्या राहिल्या. पाय लटपटत होते. त्यांनी आधी चिठ्ठी वाचून दाखवली. कुणी कुणाकडे बघेना.

"ही कुणाची, मला विचारायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "यात बरोबर आकडा मागितलाय, तो सांगते. यादी बावीस. मोजणी एकवीस. मी मत दिलेलं नाही. आणि हे रविवारीच सांगायला हवं होतं. ती चूक माझी!"

दीर ताडकन उठले. वहिनींनी नकळत वही पोटाशी धरली.

"घरचं माणूस ना तुम्ही, वहिनी?"

"म्हणूनच सांगते, भाऊजी. घ्या वही. सगळ्यांसमोर मोजा."

दिरांनी बोट ठेवून एकेक रेघ मोजली. एकदा, मग पुन्हा. सगळं सभागृह मान उंचावून बघत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेली मंचातली ती पहिलीच मोजणी!

"एकवीसच," ते शेवटी म्हणाले. वही मिटून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "उद्या तुम्ही बोला, मास्तर. आयोगाच्या कचेरीचा जिना उंच आहे. फायली मी घेतो."

मागच्या रांगेतले दोघे पाय आपटत निघून गेले. चिठ्ठी कुणाची होती, ते आजही कळलेलं नाही. वहिनी अजूनही दारात सावली पडली की आधी वर बघतात.

मंडळी, आपणही कधी ना कधी भांडणाच्या मधे सापडतो आणि तोंड मिटून घेतलं की निष्पक्ष झालो असं समजतो. निष्पक्ष माणसाने दोघांना एकच खरं, एकाच वेळी, तोंडावर सांगायचं असतं. सांगताना पाय लटपटले तर लटपटू द्यावेत. आकडा तेवढा हलू देऊ नये.