निषादाची घंटी

मी एक जुनी घंटी आहे. चर्चच्या मनोऱ्यात दोरीला लटकते ती नव्हे. ती आमची थोरली, तिचा तोरा निराळा. मी हातात धरून वाजवायची, चामड्याच्या मुठीची, चहाच्या कपाएवढ्या तोंडाची. आणि मित्रांनो, कृपा करून मला पितळी म्हणू नका. मी काशाची आहे.

तांबे आणि कथील वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतले. निवल्यावर एका कारागिराने मला आतून खरवडायला घेतले. थोडे खरवडायचे, वाजवायचे, कान लावायचे, पुन्हा खरवडायचे. माझ्यातून निषाद निघाला तेव्हा तो थांबला. हात जरा जास्त चालला असता तर मी बेसूर म्हणून परत भट्टीत गेले असते.

मग आम्ही बहिणी एका लांब पेटीत, मखमलीवर झोपून, चर्चमागच्या हॉलमध्ये आलो. आमच्यातली प्रत्येक जण एकच सूर जाणते. आपापल्या पाळीला जो तो आपली घंटी हलवतो आणि सगळ्यांचे मिळून गाणे होते. एक जण गैरहजर असला तर गाण्याला तिथे भोक पडते. त्यातून मी निषाद! तुम्ही गुणगुणून पाहा: सा रे ग म प ध नि... आणि थांबा. थांबवते का? वरचा सा आल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. माझा सूर म्हणजे घरापर्यंत येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहणे.

मला वाजवायची एक शिवणकाम करणारी बाई. सगळे तिला ताई म्हणत. मशीनची सुई कधीतरी तिच्या उजव्या तर्जनीतून आरपार गेली होती. तेव्हापासून ते बोट टोकाशी बाहेरच्या बाजूला वाकलेले. तिच्या शेजारी तिची सख्खी बहीण, सगळ्यांची धाकटी. ती इस्त्रीच्या दुकानात कामाला होती आणि तोंडाने फटकळ. वरचा सा तिच्याकडे. ताईची घंटी वाजली की लगेच धाकटीची.

"लहानपणापासून हेच. तू पुढे, मी मागे," धाकटी कुरकुरायची.

"मग जा ना पुढे. कोणी धरलंय?" ताई हसायची.

आमचे नियम दोनच. पहिला, हातमोजे घातल्याशिवाय घंटीला शिवायचे नाही. घामाचे बोट लागले की काशावर डाग पडतो आणि हळूहळू काळा होतो. ताई या बाबतीत इतकी कडक की तिने मला उघडा हात कधी म्हणून लावला नाही. दुसरा नियम, सूर संपवायचा असेल तर घंटी छातीशी दाबून धरायची. वाजवणे कोणालाही जमते, मित्रांनो. गप्प करणे शिकावे लागते. त्यामुळे ताईच्या काळजाचा ठोका मला पाठ झाला होता.

वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम असे. आधी मुलांचे नाटुकले, त्यात पुठ्ठ्याच्या मेंढीचा कान हमखास पडायचा. मग गायनमंडळ. शेवटी आम्ही. आमचा शेवटचा सा विरला की लोक टाळ्या वाजवायला विसरायचे. मी अशी फुगून जायची!

मग ताई आजारी पडली. बसवत होते तोवर ती सरावाला येत राहिली. एका दुपारी तिची खुर्ची रिकामी राहिली, आणि त्या आठवड्यात पाळकांनी तिच्या कबरीशी शेवटची प्रार्थना केली.

आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांनी मला बेकरीवाल्या काकूंच्या हातात द्यायचे ठरवले. धाकटी मध्ये आली.

"तिची जागा भरायची नाही. तिथं सगळ्यांनी गप्प राहायचं."

कोणाला नाही म्हणवेना. सगळ्यांचाच ताईवर जीव होता. माझ्या आतला लोलक फितीने बांधला, मला टेबलावर माझ्या जागी ठेवले आणि शेजारी ताईचे पांढरे हातमोजे घडी घालून ठेवले.

सराव सुरू झाला. गाणे माझ्या जागेशी आले, सगळे थांबले, माना खाली गेल्या. त्या शांततेत मी वाजले.

मित्रांनो, माझ्या अंगातून माझाच सूर निघाला आणि तो कोणी काढला हे मला ठाऊक नव्हते. शेजारणी वाजल्या की आपले अंग शहारते, त्यातलेच असेल, असे मी स्वतःला समजावले. पण तेव्हा कोणीच वाजत नव्हते. काकूंनी चटकन वर पाहिले. मास्तरांनी उगाचच खिडकी लावून घेतली. आवरताना हातमोजे उचलले तर त्यांची घडी मोडलेली, बोटे फुगलेली. उजवी तर्जनी टोकाशी बाहेर वाकली होती.

धाकटीने ते पाहिले आणि ती खुदकन हसली. मला ते हसू आवडले नाही.

त्या दिवशी तिने आपला सा वाजवलाच नाही. पुढेही नाही. मास्तर दुःख म्हणून सोडून देत. पण ती भर दुपारी एकटी हॉलवर येऊ लागली. एकेक घंटी उचलून धैवतापर्यंत यायची आणि थांबायची. मग मी वाजायची. "आलीस?" ती म्हणायची. "अगं, आज माझ्याकडून कॉलर जळली, मालक काय बोंबलला!" तासभर गप्पा चालत. सा वाजवला की गाणे संपणार, आणि गाणे संपले की ताई जाणार. म्हणून ती गाणे संपवतच नव्हती.

पुढे दुकान सुटले. हातमोज्यात तिचे मनगट काडीसारखे दिसू लागले.

"पोरी, जेवतेस तरी का?" मास्तरांनी विचारले.

"मला काय धाड भरलीय?" ती फिस्कारली.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ती माझ्यावर वाकली आणि अगदी लाडात म्हणाली, "सारखी तूच किती खेपा घालणार, ताई? उद्याचं झालं की मीच येते तुझ्याकडे."

मी काशाची आहे, थंडच असते. तरी त्या क्षणी गार पडले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मेंढीचा कान पडला, लोक हसले. गायनमंडळ झाले. आमचे गाणे माझ्या जागेशी आले, सगळे थांबले आणि मी वाजले. या वेळी साऱ्या हॉलने ऐकले. पहिल्या रांगेतले तान्हे बाळ ताईच्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहू लागले. धाकटी सा हातात धरून तशीच उभी, तोंडावर तेच हसू.

मी विरले नाही. सूर वाढतच गेला. खिडक्यांच्या काचा गुणगुणू लागल्या, बाळ रडू लागले, मास्तरांचे हात हवेत तसेच राहिले. मला थांबायचे होते, मित्रांनो! पण स्वतःला छातीशी धरता येत नाही. शेजारचे ताईचे हातमोजे थरथरत होते, खूप वेळ ओझे धरून ठेवलेल्या हातांसारखे.

मास्तर त्या हातमोज्यांकडे पाहत धाकटीला हळूच म्हणाले, "बघ तिच्याकडे. दमलीय गं ती. जाऊ दे तिला घरी."

धाकटीने हातमोज्यांकडे पाहिले. तिचे हसू गळून पडले. तिने आपली घंटी खाली ठेवली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि छातीशी गच्च दाबले. मला तिचा ठोका ऐकू आला. क्षणभर त्याच्या शेजारी दुसराही, मला पाठ असलेला. मग एकच उरला, धाकटीचा.

मी गप्प झाले.

"जा तू पुढे," ती पुटपुटली. मला खाली ठेवून तिने आपली घंटी उचलली आणि सा वाजवला.

आता मी तिच्या डाव्या हातात असते आणि सा उजव्या हातात. काकू तिला समोर बसवून जेवायला घालतात, ती त्यांच्या पावाला नावे ठेवत दोन जास्तीचे खाते. माझा लोलक तिनेच सोडला. फितीची गाठ जशीच्या तशी होती.

मित्रांनो, तुमच्या हॉलमध्येही अशी एखादी पेटी असेल. ती उघडा, पुसा, वाजवा. कोणाची जागा रिकामी झाली तर तिथे दुसरा हात येऊ द्या. माझ्यासारखीला बांधून ठेवू नका. आणि हातमोजे विसरू नका, कारण डाग पडतात. त्या दिवशी धाकटीच्या हातात हातमोजे होते. तरी पुढच्या आठवड्यात माझ्या अंगावर उघड्या हाताची पाच बोटे काळी उमटली, त्यातले एक टोकाशी वाकडे. कदाचित निघताना ताईने हातमोजा काढला असेल. मला खुशाल घासा, लखलखीत करा. तेवढे डाग मात्र राहू द्या.