उल्काचा वरवंटा

त्या बंगल्यात आता फक्त राहायला आलेल्यांनाच आत सोडतात, म्हणून मी खोली घेतली. इंग्रजांच्या काळातला हा बंगला. लखनौला नोकरी लागली तेव्हा मानक नगरला क्वार्टर मिळेपर्यंत मी आणि माझी बायको उल्का त्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आमच्या मुलीचा, अंतराचा जन्म इथलाच. पुढे घरमालकिणीच्या मुलांनी बंगला विकला, आणि नव्या लोकांनी डागडुजी करून त्याचं हॉटेल केलं.

मला वरवंटा हवा होता. उद्या अंतराच्या मुलीचं बारसं आहे, तेलीबागला, तिच्या घरी. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला तेल लावतात, टोपडं घालतात, आणि बायका तो पाळण्याखालून एकमेकींना देतात. बाळ दगडासारखं टिकावं म्हणून. अंतराच्या बारशाला होता तो पाटा-वरवंटा उल्काने क्वार्टरमध्ये जाताना घरमालकिणीला दिला. म्हातारीला त्यावरची चटणी आवडायची. हिवाळ्यात उल्का दवाखान्यात होती, तिथे अंतराला दिवस गेल्याची बातमी कळली तेव्हा ती म्हणाली, "बारशाला आपला वरवंटा आणा हं, मागून." नंतर ती फार बोलली नाही. मार्चमध्ये गेली.

वरवंटा लगेच सापडला. आमचं स्वयंपाकघर होतं तिथे आता नाश्त्याची खोली आहे. मधल्या टेबलावर पाटा, पाट्यावर वरवंटा, भोवती झेंडूच्या पाकळ्या. एका टोकाचा टवका उडालेला. तो उल्काच्या हातून पडला होता तेव्हाचा.

मॅनेजर सलोनी नावाची मुलगी आहे, अंतरापेक्षा लहान.

"अच्छा लगा ना सर? डेढ़ सौ साल पुराना सिल-बट्टा है. मेमसाहब का खानसामा इसी पे मसाला पीसता था."

"बेटा, ये हमने तेलीबाग के बाज़ार से लिया था," मी म्हणालो. "खानसामा कोई नहीं था. मेमसाहब मेरी बीवी थी."

ती हसली. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर तिने पुन्हा वरवंट्याकडे पाहिलं. मग मी तिला बारशाचं सगळं सांगितलं. पाटा तुमच्याकडेच राहू द्या म्हणालो, वरवंटा फक्त उद्यापुरता द्या, संध्याकाळी परत आणतो.

"सर, आप ही का घर है. मैं अभी दिल्ली बात करती हूँ."

तिने माझ्यासमोरच मालकांना फोन केला. त्यांनी लगेच हो म्हटलं. मला एवढं बरं वाटलं की मी दोन्ही हातांनी वरवंटा धरला आणि उचलला. पाटाही वर आला. पाकळ्या खाली सांडल्या.

"अरे सर, सँभाल के!" सलोनी धावली. "ये तो चिपकाया हुआ है. डिज़ाइनवालों ने... किसी गेस्ट के पैर पे न गिरे, इसलिए."

माळी आला. त्याने छिन्नी लावून पाहिली आणि मान हलवली. "मारेंगे तो बट्टा ही टूटेगा, बाबूजी." आणि पाट्यासकट तो पाळण्याखालून कुणाला देता आला नसता.

मी अंतराला फोन लावला. तिला मराठी सगळी कळते, पण बोलते हिंदीतच.

"बाबा, छोड़ दीजिए ना. कोई भी बट्टा ले लेंगे."

"आईने हाच सांगितला होता."

"पता है, बाबा," ती म्हणाली. मी फोन ठेवला.

टोपडं पिशवीत होतं. अंतराचंच, उल्काने जपून ठेवलेलं. ते काढून मी वरवंट्याला घातलं, टवक्याच्या बाजूने. नाश्ता करणारे पाहुणे बघायला लागले.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," मी म्हणालो. पुढचं मला येत नाही. ते उल्का म्हणायची.

सलोनी टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. "सर, इसमें मुझे क्या करना होता है?"

"हाथ आगे करो. मैं दूँगा, तुम लोगी."

तिने खरंच हात पुढे केले. मी वरवंटा तिच्याकडे ढकलला. तो हलला नाही. पुन्हा ढकलला. तिने हात तसेच धरून ठेवले होते.

शेवटी मी टोपडं काढलं आणि त्याची घडी केली. मग तिने हात मागे घेतले.

"सर, नाश्ता लगवा दूँ?" तिने विचारलं.


मी हो म्हणालो.