बाबारावांचा राग

बोलता बोलता अनुश्री थांबली. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, केसांची बट मागे सारायला उचललेला हात तसाच कपाळाशी. तिचा शेवटचा शब्द स्पीकरमध्ये अडकला आणि घर्र घर्र करत राहिला. माउस हलेना, कळा दाबून काही होईना.

"आले! बाबाराव आले!"

खोलीत जमलेली माणसं एका सुरात ओरडली. दारातल्यांनी चपला न काढताच हात जोडले. खिडकीच्या गजांना धरून जे उभे होते त्यांनी मागच्यांना बातमी दिली, आणि रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्या अरुंद गल्लीत स्कूटर कशीबशी भिंतीला टेकवून आणखी चार जण आत घुसले.

"ऐका, ऐका आवाज!" पलीकडच्या घरातली गोदावरी म्हणाली. "त्यायचाच घसा हाय. खोकला झाला का असाच घरघर करत होता."

सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून धर्मपाल गुरुजी उभे होते. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाबारावांशी त्यांची रोज संध्याकाळी बैठक असे. गुरुजींना त्या पडद्यात बाबाराव काही दिसले नाहीत. त्यांना दिसल्या बाबारावांच्या पत्नी, शारदावहिनी. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत त्या अंग चोरून बसल्या होत्या आणि थांबलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे अशा बघत होत्या, की गुरुजींना मान वळवावी लागली.

बाबाराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि हट्टानं कॉम्प्युटर शिकले. चोरीचं सॉफ्टवेअर घरात नको म्हणून त्यांनी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं, आणि गुरुजींना पकडून पकडून त्याच्या करामती दाखवल्या. एकुलत्या एक अनुश्रीनं तिच्या ऑफिसातल्या बंगाली अनिमेषशी लग्न ठरवलं तेव्हा ते रागानं लग्नाला गेले नाहीत. पोरगी कोलकात्याला गेली. पुढे दीड वर्षापूर्वी बाबाराव वारले. राज्य नवं झालं, राजधानी मोठी झाली, गल्लीतली तरुण पोरं नव्या रायपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, आणि जुन्या घरांत एकेकटी म्हातारी माणसं उरली. रविवारचा व्हिडिओ कॉल हाच शारदावहिनींचा आठवडा होता. बाकीचे दिवस त्या नुसत्या काढत होत्या.

आणि दसऱ्यानंतर तोच कॉल थांबू लागला. लेकीचा चेहरा आला, चार शब्द झाले, की मशीन जागच्या जागी गोठे. सदर बाजारातल्या दुकानदारानं मशीन ठेवून घेतलं, दिवसभर गाणी लावून पाहिली आणि "एकदम ओके है, दीदी" म्हणून परत दिलं. मशीनमध्ये दोष नाही म्हटल्यावर गोदावरी करंटवाल्या महाराजांना घेऊन आली.

महाराजांच्या गळ्यात रुद्राक्ष, हातात मोरपिसांचा झुपका. एका गावातला जळलेला ट्रान्सफॉर्मर आपण लिंबू फिरवून चालू केला, असं ते स्वतःच सांगत.

"देखो माता," महाराज आता उभे राहिले, "आत्म्याला शरीर नाही, तो करंट पकडतो. साल भर दुखवटा होता, रस्ता बंद होता. आता रस्ता खुला. भजन लावलं तर मशीन थांबते का?"

"नाही!" माणसं म्हणाली.

"फोटो पाहिले, बातमी वाचली, थांबते का?"

"नाही!"

"पोरीचं तोंड दिसलं का थांबते! बापाचा राग हाय हा. निगेटिव व्होल्टेज!"

मग महाराजांनी मशीनचं बटण दाबून ते बंद केलं, वर अक्षता आणि भस्म टाकलं आणि उदबत्ती लावून जप सुरू केला. उदबत्ती संपेपर्यंत कोणी हलायचं नाही. संपल्यावर त्यांनी मोरपीस फिरवलं, बटण दाबलं, आणि मशीन गुमान सुरू झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

गुरुजींची खरी पंचाईत इथंच होती. महाराज लबाड होते याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, पण ते सांगत होते ते डोळ्यांना दिसत होतं. भजनाला मशीन थांबत नव्हतं. अनुश्रीला थांबत होतं. नुसतं "हे थोतांड आहे" असं म्हणून भागणार नव्हतं.

"आता शेवटचं काम," महाराज म्हणाले. ताम्हनात पाणी होतं, बाजूला काळे तीळ. "माता, पोरीच्या नावानं तीळ-पाणी सोडा. म्हणा, ही माझी कोणी नाही. आत्मा शांत होईल, मशीन पण शांत."

तीळ-पाणी मेलेल्या माणसाला देतात. कोलकात्यात धडधाकट असलेल्या, नुकतंच "आई, जेवलीस का" असं विचारणाऱ्या पोरीला ते द्यायचं होतं. शारदावहिनींचा हात तिळांकडे गेला.

"वहिनी, थांबा जरा," गुरुजी पुढे आले. "मले एक पाहू द्या, मंग तुमाले वाटन ते करा."

"गुरुजी, तुमचा विश्वास नाही, मले मालूम हाय," शारदावहिनी वर न बघता म्हणाल्या. "पण हे येते ना जी. काही म्हणा, येते. एवढ्या मोठ्या घरात मले तेवढंच हाय. रागानं का होईना, येते तर."

गुरुजींची बायको कलावती गेली त्या वर्षी एकदा स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला होता. मांजर असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते "कला?" म्हणून उठले होते आणि मांजर पळून गेल्यावर बराच वेळ त्या ताटाजवळ बसले होते. गेलेलं माणूस परत यावं, असं कोणाला वाटत नाही? महाराजांचा धंदा चालतो तो माणसाच्या मूर्खपणावर नाही, या एकटेपणावर चालतो. म्हणूनच गुरुजींना त्यांचा जास्त राग आला.

"शाळेत पोट्ट्यांले मी एक शिकवत होतो," ते लोकांकडे वळून म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदला आन् पाहा. अनुश्रीच्या जागी दुसरं माणूस आणू. व्हिडिओ कॉल तोच. मशीन थांबली नाही, तर मी स्वतः महाराजांच्या पाया पडतो."

"दुसरं कोण?" गोदावरीनं विचारलं.

गुरुजी क्षणभर घुटमळले. व्हिडिओ कॉल करण्यासारखं त्यांचं एकच माणूस होतं. मुलगा बुद्धभूषण नव्या राजधानीत नोकरीला होता, बसनं तासाभराच्या अंतरावर. त्यानं आधी फोन करावा, अशी गुरुजींची जिद्द होती, आणि त्या जिद्दीत दिवाळी निघून गेली होती. सगळ्यांसमोर त्यांनी खिशातला मोबाइल काढला आणि बुद्धभूषणला फोन करून कॉम्प्युटरवर यायला सांगितलं.

बाबारावांनी शिकवलेली एक करामत त्यांना आठवत होती. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी छोटी काळी खिडकी उघडली. तिच्यात मशीनच्या आतलं तापमान दिसत होतं. "हे मशीनचं थर्मामीटर," ते म्हणाले. "आकड्यावर नजर ठेवा."

आकडा अठ्ठावन्न होता. बुद्धभूषणचा चेहरा आला.

"बाबा? क्या हुआ? तबीयत ठीक है ना? इतने लोग कौन हैं?"

"मी बरा हाय. तू बोलत राह्य. काहीही बोल."

आकडा सत्तर झाला, ऐंशी झाला. गर्दी आता चेहऱ्याकडे न बघता कोपऱ्याकडे बघत होती. बुद्धभूषण गोंधळून बोलत होता. ऑफिसचं, ट्रॅफिकचं. मग त्याचा आवाज जरा बदलला.

"सच बोलूं बाबा, आप तो कभी..."

तो थांबला. तोंड उघडं, भुवया वर चढलेल्या. "कभी" हा शब्द स्पीकरमध्ये घरघरत राहिला. कोपऱ्यातला आकडाही थिजला होता. अठ्ठ्याण्णव.

खोलीत कोणी "आले" म्हटलं नाही.

"बाबाराव माह्या पोरावर काहून रागावतील?" गुरुजींनी शांतपणे विचारलं. "त्याले तर त्यायनं सायकल शिकवली."

महाराजांनी घसा खाकरला. "आप नास्तिक हो. आत्मा आपसे भी नाराज है."

"मंग आत्मा फार नाराज झाला म्हणा ना. अठ्ठ्याण्णव डिग्रीपर्यंत." मागे कोणीतरी हसलं. "महाराज, भूत नाही, ताप हाय हा. गाणी लावली तर मशीनले मेहनत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये समोरचं चित्र दाखवाचं, आपलं पाठवाचं, आवाज सांभाळाचा, सारं एकाच टाइमाले. पोरगी असो का कलेक्टर, मशीन तापते आन् बसते. तुमी उदबत्ती जळेपर्यंत जप करता, तेवढ्यात ती थंड होते. तुमच्या जपाच्या जागी आमी चहा पेलो असतो, तरी सुरू झाली असती."

"पर इतना गरम क्यों होता है?" दारातल्या एकानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

"ते उघडून पाहावं लागन. वहिनी, उघडू?"

शारदावहिनींनी मान हलवली. गुरुजींनी मशीन बंद केलं, वायर काढली आणि बाजूच्या पत्र्याचे स्क्रू सोडवले. पत्रा निघाला आणि पुढे वाकलेले सगळे एकदम मागे सरले.

आत धुळीची गादी होती. तिच्यात तांदूळ, हळदकुंकू, भस्म आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. खाली मुख्य चिपवरचा छोटा पंखा होता आणि त्याच्या पात्यांत हाराचा दोरा गुंडाळून घट्ट बसला होता. गुरुजींनी बोटानं पातं ढकललं. पंखा जागचा हलला नाही.

"हा पंखा फिरला तर आतली गरमी निघते. सदर बाजारात दिवसभर गाणीच लावली, मशीन तापलीच नाही, मंग त्यायले दोष कसा दिसन? हे सारं गेलं वरच्या जाळीतून. वहिनी, खंडेनवमीले पूजा केली होती का तुमी?"

शारदावहिनींचा चेहरा उतरला. "केली जी. मागच्या साली दुखवट्यात झाली नव्हती. हे मशीनची पूजा कधी चुकवत नव्हते, म्हणून या वर्षी मोठा हार आणला. वर ठेवला, अक्षता वाहिल्या. तो हार मी काढलाच नाही, वाळून झडेपर्यंत. मंग महाराजांनी अक्षता-भस्म रोज टाकाले सांगतलं."

"बाबाराव काय करत होते, आठवते?"

"ते आधी सारं खोलत होते. ब्रशनं पुसून मंग एक फूल..." त्या थांबल्या. "बाजूले ठेवत होते. वर नको, म्हणत होते. मले वाटलं, काही शास्त्र असन." त्यांनी तोंडावर पदर धरला. "म्हणजे मीच थांबवलं का हो माह्या पोरीले?"

"तुमी माया केली, वहिनी. उघडून पाहाचं तेवढं राहून गेलं. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. ज्यायनं पाहू दिलं नाही, त्यायचा हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. महाराज नव्हते. गर्दी पुढे वाकली होती तेव्हाच ते मागच्या मागे सटकले होते. घाईत मोरपिसांचा झुपका तेवढा राहिला होता. गुरुजींनी तो उचलला, कात्रीनं दोरा कापून काढला आणि त्या मोरपिसांनी आतली धूळ झाडली. महाराजांच्या सगळ्या सामानात उपयोगाची वस्तू तेवढीच निघाली.

मशीन सुरू झालं. पंखा आधी अडखळला, मग गरगर फिरू लागला. अनुश्री परत आली. कोपऱ्यातला आकडा पासष्टाच्या आसपास घुटमळत राहिला. पोरगी बोलत राहिली, हसली, रडली, बट मागे सारली. हात खाली आला.

"अनु," शारदावहिनी मध्येच म्हणाल्या, "तुह्या बाबाले राग होता का गं?"

अनुश्री गप्प झाली. या वेळी मशीन थांबलं नव्हतं.

"वहिनी," गुरुजी म्हणाले, "हा कॅमेरा कोणी आणला? बाबारावांनीच ना? तुमी लेकीशी बोलत होत्या तवा ते या भिंतीजवळ, स्टुलावर बसत होते. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. पेपर उलटा धरून. रागावलेला माणूस असा ऐकाले बसते काय?"

"मले ठाऊक होतं," शारदावहिनी हळूच म्हणाल्या. "मी किती डाव म्हटलं, समोर या. नाही आले."

गर्दी पांगू लागली. जाता जाता गोदावरी गुरुजींजवळ घुटमळली. गुरुजींनी तिला टोमणा मारला नाही.

"एवढं करजा, बाई," ते म्हणाले, "कोणी म्हटलं का मेलेला माणूस असं सांगून राहिला, तर आधी विचारा, त्यात जिवंत माणसाचं काय जाते. आन् खोलून पाहा. वस्तू असन तर स्क्रू काढून, माणूस असन तर बोलून. पाहू नको म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका."

खोली रिकामी झाली. ताम्हनातलं पाणी शारदावहिनींनी तुळशीला घातलं. गुरुजी दमून भिंतीजवळच्या स्टुलावर टेकले. पडद्यावरून अनुश्रीनं मान वाकडी करून पाहिलं.

"गुरुजी कुठं आहेत, आई? दिसत नाहीत. काका, समोर या ना."

गुरुजींच्या तेव्हा ध्यानात आलं, की आपण बाबारावांच्याच जागी बसलो आहोत. ते उठले आणि स्टूल ओढत शारदावहिनींच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर आणून ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत त्यांना आपला म्हातारा चेहरा दिसला.

"पोरी, तुमचं बोलणं सावकाश होऊ दे," ते म्हणाले. "मंग मले एक कॉल लावाचा हाय. बुद्धभूषणचं बोलणं अर्धंच राहिलं."