श्रीधररावांच्या फियाटला काँटेसाचं इंजिन

शनिवार पेठेत नदीकडे उतरणाऱ्या बोळात हिंमतरावांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पेठेतल्या बहुतेक फियाट उघडून परत जोडल्या होत्या. नुसत्या आवाजावरून ते कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते सांगायचे. पण नव्या गाड्या आल्या, त्या कंपनीच्या वर्कशॉपात जायला लागल्या आणि दोन हजार एक साली हिंमतरावांकडे आठवड्याला एखादी फियाट आली तर आली.

त्यांतली एक निवृत्त मास्तर श्रीधर लिमयांची. चौसष्ट सालची, फिकट निळी. बावीस वर्षं ती गाडी हिंमतरावांशिवाय कुणी उघडली नव्हती.

श्रीधररावांचा मुलगा वरद अमेरिकेत पाच वर्षं राहून परत आला होता आणि औंधला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. एके दिवशी तो कागदांचा गठ्ठा घेऊन गॅरेजमध्ये आला.

"काका, बाबांच्या गाडीत काँटेसाचं इंजिन टाकायचंय. अठराशे सीसी. नेटवर बघितलं, लोक करतात. पाच गिअर, गिअरचा दांडा खाली, फ्लोअर शिफ्ट. आपण करू या ना."

हिंमतरावांनी कागद हातात घेतले. सगळं इंग्रजीत, बारीक आकृत्या. इंजिन बसवायचे पाय कुठे जोडायचे, रेडिएटर किती पुढे घ्यायचा, शाफ्ट किती कापायचा, हे त्यांना एकदम दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा गाडीसमोर उभं राहून त्यांना काही सुचलं नाही. ते त्यांनी कबूल केलं नाही.

"घोंगडीला जरीचा काठ लावायचा धंदा आहे हा," ते म्हणाले. "गाडीची वाट लागेल. मी नाही करणार."

वरद कागद गुंडाळून निघून गेला. महिन्याभराने कळलं, गाडी मांजरीला सुदर्शनकडे गेली.

सुदर्शन लोणी काळभोरचा. अकरा वर्षं तो हिंमतरावांच्या हाताखाली होता. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. चार वर्षांपूर्वी त्याने मांजरीला स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा हिंमतरावांनी स्वतः जाऊन नारळही फोडला होता. पण निळी फियाट त्याच्या शेडमध्ये गेली हे ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढचे चार महिने ते विचारायचे नाहीत, पण बातमी घ्यायचे. स्पेअर पार्टच्या दुकानात सुदर्शनचं नाव निघालं की कान तिकडे. गाडीचं कापाकापीचं काम झालं, असं कळलं तेव्हा बरं वाटलं. आता अडकेल पोरगा. इंजिन बसलं, असं कळलं तेव्हा दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

"तुम्हाला बोलावलं होतं आधी," त्यांची बायको इंदुबाई म्हणाली. "तुम्हीच नाही म्हणाला."

"मी नाही म्हणालो म्हणून त्याने हो म्हणायचं?"



एका बुधवारी दुपारी बोळाच्या तोंडाशी वेगळाच आवाज झाला. जड, एकसारखा, खाली दाबून धरलेला. निळी फियाट उतार उतरून गॅरेजसमोर थांबली. दुकानदार बाहेर आले. वरदने बॉनेट उघडलं. आत इंजिन असं बसलं होतं, जणू गाडी त्याच्याभोवतीच बांधलेली. एकही वायर लोंबत नव्हती.

"काका, सुदर्शन म्हणाला, उस्तादांची नजर फिरल्याशिवाय काम पुरं झालं म्हणता येत नाही. तुम्ही बघा."

हिंमतरावांनी पोतं टाकलं आणि ते गाडीखाली सरकले. ते कौतुकाने बघत नव्हते. चूक हवी होती त्यांना. एकेक जोड, एकेक नट त्यांनी बोटांनी चाचपला आणि प्रत्येक नट घट्ट निघाला की ते पुढच्या नटाकडे वळायचे. मग त्यांनी वरदला स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवायला सांगितलं.

चाक वळलं. पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप ताणला गेला आणि सायलेन्सरच्या पाइपाला जाऊन टेकला. रबर तेवढ्या जागी काळं पडून मऊ झालं होतं. चाक सरळ केलं की पाइप परत जागेवर. सरळ चाकावर तपासणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

हिंमतरावांना एकदम हलकं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

ते बाहेर आले, हात पुसले. सगळे बघत होते.

"बरी आहे," ते म्हणाले.

वरद खूश होऊन गेला. हिंमतरावांनी स्वतःला सांगितलं, दोन दिवसांत ब्रेक मऊ लागेल, गाडी परत मांजरीला जाईल, सुदर्शनला चार लोकांत खाली बघावं लागेल. तेवढंच. तेवढं झालं तर काय बिघडलं? गुरुवारी ते मजेत होते. शुक्रवारी वरद गाडी घेऊन बोळातून गेला, हात करून. ब्रेक लागत होते.

शनिवारी संध्याकाळी श्रीधरराव चालत आले.

"अहो हिंमतराव, उद्या जुन्या गाडीवाल्यांची मिरवणूक आहे. हडपसरहून दिवे घाट चढून सासवड, आणि परत. आम्ही सगळे जातोय. मी, नम्रता, आणि कादंबरीसुद्धा." नम्रता त्यांची सून, कादंबरी चार वर्षांची नात. "आमच्या म्हाताऱ्या गाडीला या वयात घाट चढायची हौस आली आहे. आपल्या कृपेने नाही, तरी आपल्या आशीर्वादाने."

हिंमतराव हसले नाहीत. दिवे घाट चढताना सायलेन्सरचा पाइप तापणार. परत येताना उतार, वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणावर पूर्ण फिरलेलं चाक.

जेवताना त्यांनी इंदुबाईंना सगळं सांगितलं. तिने वाढता हात थांबवला.

"बुधवारी बघितलं?"

"हो."

"आणि गप बसलात."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्या गाडीत लेकरू बसणार हाय," ती म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढूनही रागावली की ती गावाकडचं बोलायची. ताट तसंच ठेवून ती उठून गेली.

सकाळी साडेसहाला हिंमतराव स्कूटर घेऊन हडपसरला पोचले. पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत पंचवीस-तीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांत मोठी गर्दी निळ्या फियाटभोवती होती आणि गर्दीच्या मधोमध सुदर्शन, इस्त्रीचा शर्ट घालून. लोक त्याचा फोन नंबर लिहून घेत होते. ते बघून हिंमतरावांचे पाय क्षणभर अडले. अजूनही परत फिरता आलं असतं. ते गर्दीतून गाडीपाशी गेले आणि पुढच्या चाकामागे वाकून बघून उठले.

"ही गाडी घाटात न्यायची नाही," ते मोठ्याने म्हणाले.

सुदर्शनने वळून बघितलं. "काय झालं उस्ताद?"

"ब्रेकचा पाइप जातोय तुझा. सायलेन्सरला लागतोय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुदर्शनचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "मी स्वतः तपासलंय. उस्ताद, एक बोलू? राग येईल. तुम्हाला हे काम बघवत नाही. अख्ख्या मार्केटला माहीत हाय, तुम्ही माझी चौकशी करत फिरता. तुम्ही जळताय."

"जळतोय," हिंमतराव म्हणाले. "जळतो म्हणूनच इतकं बारीक बघितलं. तुझ्या दोस्तांपैकी कुणी बघितलं का? चाक उजवीकडे फिरव आणि खाली जा."

 नम्रताने कादंबरीला गाडीतून उतरवून कडेवर घेतलं. वरदने स्टिअरिंग फिरवलं. सुदर्शन इस्त्रीच्या शर्टासकट मातीत आडवा झाला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा कुणाकडे न बघता म्हणाला, "वरदसाहेब, तासभर द्या. गॅरेजमधून नवा पाइप आणतो."

मिरवणूक ठरल्या वेळी निघाली. निळी फियाट मागे राहिली. सुदर्शनने मांजरीहून पाइप आणला आणि तो दुसऱ्या बाजूने वळवून पक्का बांधला. आता ब्रेकमधली हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात. वरद घरच्यांना घेऊन चहाला गेला होता. हिंमतराव न विचारता आत बसले आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

"दाबा," खालून आवाज आला. "धरा. सोडा. दाबा."

अकरा वर्षं हे शब्द हिंमतराव खालून बोलायचे.

"उस्ताद," खालून सुदर्शन म्हणाला, "तुम्हाला हे कधी दिसलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. वाकून बघितलं, दिसलं. कुणी पडताळणार नव्हतं.

"बुधवारी," हिंमतराव म्हणाले.

खाली पान्याचा आवाज थांबला. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"आणि वरदसाहेब रोज गाडी चालवत होते."

"हो."

हिंमतरावांचा पाय ब्रेकवर सैल पडायला लागला.

"धरून ठेवा," शेवटी सुदर्शन म्हणाला. "सोडू नका."

त्यांनी धरून ठेवलं. काम संपलं. सुदर्शन बाहेर येऊन हात पुसत असताना वरद चहाचे दोन ग्लास घेऊन आला.

"सुदर्शन, यार, वाचलो आपण. पण काकांना कळलं कसं? बुधवारी तर ते म्हणाले होते, बरी आहे."

हिंमतरावांनी मान खाली घातली. आता सगळं बाहेर येणार, श्रीधररावांच्या कानावर जाणार, पेठेत होणार. होऊ दे, असंही त्यांना वाटलं.

"बुधवारी पाइप ठीकच असणार," सुदर्शन सहज म्हणाला. "गाडी पळाल्यावर सरकला. चूक माझी, नीट बांधला नव्हता. आज उस्तादांनी नजर टाकली म्हणून सापडला."

त्याने चहाचा एक ग्लास हिंमतरावांच्या हातात दिला. त्यांच्याकडे मात्र बघितलं नाही.

थोड्या वेळाने सगळे गाडीत बसले. श्रीधररावांनी काच खाली करून हात जोडले. "हिंमतराव, आपले उपकार झाले." गाडी सोलापूर रस्त्याला लागली, मग सासवडच्या फाट्याकडे वळली. इंजिनाच्या आवाजात कुठे खोट सापडते का, हे हिंमतराव ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिले. सापडली नाही.

सुदर्शन पाने गोळा करत होता. हिंमतरावांना काहीतरी म्हणायचं होतं. पण मनात आभार नव्हते, शरमही पुरती नव्हती. त्यांना एवढंच वाटत होतं, की त्याच्या जागी आपण असतो, तर असं झाकून घेतलं नसतं. आणि तो ते किती सहज करून गेला. इंजिन बसवण्यापेक्षाही ते त्यांना जास्त लागलं.

चहा थंड झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला, ग्लास टपरीवर नेऊन दिला आणि स्कूटरला किक मारली.