तबकडीतली उडी

बँड फुटला तेव्हा कापेम्बवाने एकट्याने तबकडी काढली. ड्रम सोडून सगळं त्यानेच वाजवलं. ही पंच्याहत्तर सालची गोष्ट. तीनशे प्रती निघाल्या. त्यातली एक रेडिओवर गेली आणि तिथे कोणीतरी तिच्यावर ओरखडा पाडला. तिसऱ्या गाण्यात सुई एक अख्खी ओळ ओलांडून पुढे जायची.

आमच्या कित्वे गावाने ते गाणं रेडिओवरूनच शिकून घेतलं. आजही लग्नात वाजंत्री ती ओळ गाळतात आणि नाचणारे त्या जागी एका पायावर उडी मारतात. एका ओरखड्याचा एवढा मोठा वारसा मी दुसरा पाहिलेला नाही. मी इतिहासाचा मास्तर, कापेम्बवाचा शेजारी.

गाळलेल्या ओळीत कापेम्बवाच्या बायकोचं नाव होतं. मुसोंदा. चिलेशे जन्मल्यापासून तिला सगळे बाना-चिलेशे म्हणतात, म्हणजे चिलेशेची आई, आणि त्याला बाशी-चिलेशे, चिलेशेचा बाप. त्यामुळे स्वतःचं नाव ऐकायची तिला सवयच राहिलेली नव्हती. कापेम्बवा ओळ गाऊन दाखवायचा.

"आत्ता घुसडलीत," ती म्हणायची. "सगळ्या गावाला गाणं पाठ आहे. त्यात कुठे आहे मी?"

स्वतःची प्रत त्याने लहान भावाला दिली होती, भावाने ती उन्हात ठेवून तिची परात केली. मग सत्तेचाळीस वर्षं हा माणूस धड प्रत शोधत होता. खाणीतून निवृत्त झाला, गुडघे गेले, शोध चालू. शेवटी फिनलंडच्या कुणा संग्राहकाने टपालाने पाठवली.

रविवारी दुपारी माझ्याकडे तबकडी लावली. बाना-चिलेशे हातातली कापेंटा मासळी निवडत दारातच उभी राहिली. तिसरं गाणं आलं. माझा मुलगा सवयीने उडी मारून चुकला आणि कोचावर आदळला. मुसोंदा हे नाव स्पष्ट ऐकू आलं.

कापेम्बवाने सुई उचलली. "बोल."

"आहे खरं," ती म्हणाली. "पण आपल्या चांबोली वस्तीत तेव्हा चार मुसोंदा होत्या, बाशी-चिलेशे."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कापेम्बवाने माझ्या टेबलावरची वही ओढली, पेनचं टोपण दातांनी काढलं.

"उरलेल्या तिघी कुणाकुणाच्या मुली ते सांग. दुसरी तबकडी काढतो. त्यात या तिघी नव्हेत म्हणून गातो."

"या वयात?"

"सांग."

ती आत आली, मासळीचं ताट मांडीवर घेऊन बसली.

"पहिली, बेकरीवाल्या चितुंडूची," ती म्हणाली. "ती तर नक्कीच नको."